पंधरा वर्षांच्या अल्टोचं रीपासिंग: ठाण्यातलं एक प्रकरण

गाडी मारुती अल्टो एलएक्सआय, ७९६ सीसी, पेट्रोल, चंदेरी रंग. नोंदणी मार्च २०१०, क्रमांक एमएच-०४ चा. मालक एकच, आता निवृत्त. घोडबंदर रोडलगतच्या सोसायटीत गाडी उघड्यावर, झाडाखाली उभी असते. मीटरवर ६१,४०० किलोमीटर, म्हणजे वर्षाला जेमतेम चार हजार. एवढी कमी फिरलेली गाडी डोळे मिटून पास होईल, असं घरच्यांनी धरलं होतं. प्रत्यक्षात पीयूसीवर अडली, मग पहिल्या खेपेला आरटीओच्या मैदानावरून परत आली आणि दुसऱ्या खेपेला पास झाली. एवढ्या सगळ्यात इंजिन उघडावं लागलं नाही. अडवलं ते गंजाने, रबराने, अर्थिंगने आणि दहा वर्षांपूर्वी अर्धवट सोडलेल्या एका कागदाने.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होतं, ज्याला सगळे रीपासिंग म्हणतात. त्यासाठी फॉर्म २५ भरायचा. तो मुदत संपण्याआधी जास्तीत जास्त ६० दिवस भरता येतो, त्याहून लवकर नाही. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीसाठी हे शुल्क ५,००० रुपये झालं, त्याआधी ६०० होतं. केंद्राच्या त्याच नियमात उशिराचा भुर्दंड दरमहा ५०० रुपये ठेवला आहे. शिवाय राज्याचा पर्यावरण कर. दिल्लीत पंधरा वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी आली तेव्हापासून ठाण्यातही "आता गाडी भंगारातच घालावी लागणार" असं बरेच जण समजून बसले आहेत. तो आदेश राजधानी क्षेत्रापुरता आहे. इथे तपासणीत टिकेल तोवर गाडी चालवता येते.

या प्रकरणातली तयारी डिसेंबरमध्ये सुरू झाली, ते योग्यच झालं. फॉर्म जानेवारीच्या अखेरीस भरता येणार असला तरी पत्रेकाम आणि कागद यांना त्याआधी महिना-दीड महिना लागतो. ज्यांची मुदत जुलै-ऑगस्टमध्ये संपते त्यांनी पत्र्याचं काम एप्रिल-मे मध्येच उरकावं. ठाण्याच्या पावसात केलेलं वेल्डिंग आणि अंडरकोटिंग धरत नाही, कारण पत्रा पूर्ण सुकतच नाही.

कागद आधी बघितले. कर्ज २०१४ मध्ये फिटलं होतं, पण आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) बँकेचा बोजा तसाच. बँकेने एनओसी आणि फॉर्म ३५ तेव्हाच दिले होते. ते फायलीत पडून राहिले, आरटीओत दाखलच झाले नाहीत. बँक एवढ्या जुन्या पत्राऐवजी नवीन पत्र देते, पण शाखा बदललेली, खातं बंद झालेलं, अशा वेळी त्यात दोन-तीन आठवडे सहज जातात. बोजा उतरल्याशिवाय नूतनीकरणाला हात घालू नये. दुसरी अडचण मोबाइल नंबरची. वाहन पोर्टलवर २०१० चा बंद पडलेला नंबर होता, त्यामुळे ओटीपी कुठे येणार? तो आधी बदलून घेतला. विमा चालू होता. थकीत ई-चलन एक निघालं, ते भरलं. उच्च सुरक्षा नंबरप्लेटसाठी राज्याने तेव्हा ३१ मार्च २०२५ ची मुदत दिली होती (पुढे ती बऱ्याचदा वाढली). मोटारीला ७४५ रुपये अधिक जीएसटी. प्लेटसोबत काचेवर आतून लावायचं स्टिकर येतं, पेट्रोलसाठी फिकट निळं. ते न लावता डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलेलं असतं, असं हटकून दिसतं.

मग पीयूसी. गाडी भारत स्टेज ३ या प्रदूषण मानकाची आहे. एप्रिल २०१० मध्ये मुंबईसह निवडक शहरांत स्टेज ४ लागू झालं, ही त्याच्या आधीची. त्यामुळे तिला आयडलिंगवर (अॅक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना) कार्बन मोनॉक्साइड ०.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ७५० पीपीएम ही मर्यादा. स्टेज ४ च्या गाडीला हेच आकडे ०.३ टक्के आणि २०० पीपीएम आहेत, वर अडीच हजार आरपीएमच्या आसपास आणखी एक चाचणी. म्हणजे या गाडीला सवलतीचं माप, तरीही कार्बन मोनॉक्साइड १.३ टक्के आला. हायड्रोकार्बन मात्र मर्यादेत.

हे दोन आकडे एकत्र वाचले की निम्मं निदान तिथेच होतं. प्लग मिसफायर करत असता किंवा व्हॉल्व्ह सील जाऊन तेल जळत असतं, तर हायड्रोकार्बन चढला असता. फक्त कार्बन मोनॉक्साइड चढतो तेव्हा इंजिनाला पेट्रोल जास्त मिळतंय. एअर फिल्टर बदलला, आकडा १.१ वर आला. धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर बदलायचा तर दोन हजारांच्या आसपास खर्च, आणि बहुतेक गॅरेजं पहिला हात तिथेच घालतात. पण त्याआधी एक फुकटची गोष्ट बघायची होती, तापमानाचा काटा. अर्धा तास चालवूनही काटा खालच्या चौथाईतून वर येत नव्हता. बाराही महिने उकाडा असलेल्या गावात एवढं थंड इंजिन? थर्मोस्टॅटच, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवून धरणारा व्हॉल्व्हच, नव्हता. कधीतरी, बहुधा एखाद्या उन्हाळ्यात गाडी तापल्यावर, कुणीतरी तो काढून त्याच्या जागी नुसतं पॅकिंग लावून दिलं होतं. "थर्मोस्टॅट काढा, गाडी तापणार नाही" हा आपल्याकडचा जुना गॅरेजी इलाज. कार्ब्युरेटरच्या जमान्यात तो खपून जायचा. इंजेक्शनच्या गाडीत कूलंटचं तापमान सेन्सर वाचतो. ते वर आलंच नाही की इंजिन अजून थंड आहे असं समजून ईसीयू (इंजिनाचा संगणक) जास्तीचं पेट्रोल सोडतच राहतो. गाडी मायलेज कमी देते, पीयूसीला अडते, आणि जास्तीच्या पेट्रोलाने पुढे धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचाही बळी जातो.

नवा थर्मोस्टॅट, नवीन पॅकिंग, कूलंट पूर्ण बदलून (आधी नुसतं गढूळ पाणी होतं) हवा काढली. दुसऱ्या दिवशी गाडी घोडबंदर रोडने गायमुखपर्यंत नेऊन आणली, इंजिन पुरतं गरम असतानाच थेट पीयूसी केंद्रावर घातली. कार्बन मोनॉक्साइड ०.२ टक्के. ऑक्सिजन सेन्सरला हातही लावावा लागला नाही. पीयूसीला गाडी कधीही गरम न्यावी. घराखालून दोन मिनिटांत केंद्र गाठलं की चांगली गाडीही नापास होते, कारण कन्व्हर्टर तापल्याशिवाय काम करत नाही.

गाडी जॅकवर घेतल्यावर खरा प्रकार दिसला. कमी फिरलेली गाडी चांगली राहते हे घाटमाथ्यावर खरं असेल. खाडीच्या दमट, खारट हवेत उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर सडते. फिरणारी गाडी निदान तापते, सुकते.

डाव्या पुढच्या सीटखालचं कार्पेट उचललं तर खालचा फेल्ट ओला. त्याखाली तळव्याएवढा पत्रा भुगा झालेला. उजवीकडेही गंज होता, पण वरवरचा आणि कोरडा. या फरकालाही अर्थ आहे. ड्रायव्हरच्या बाजूला पाणी शिरतं ते बहुधा काचेखालच्या जाळीत पानं तुंबल्याने किंवा दाराच्या तळाची निचऱ्याची भोकं बुजल्याने, म्हणजे पावसाळ्यातच. डाव्या बाजूला एसीचा निचरा असतो. त्याची नळी धुळीने तुंबली की कॉइलवर जमणारं पाणी बाहेर न पडता कार्पेटखाली उतरतं, तेही बारा महिने. मालकांना एवढंच माहीत होतं की गाडीत कुबट वास येतो. म्हणून त्यांनी सुगंधी डबी लावली होती.

गंज किती खोल आहे ते बघायला यंत्र लागत नाही. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जायचं, टणक आवाज येतो तिथे पत्रा शाबूत, बदबद आवाज आला की टोकाने टोचून बघायचं. सगळा गंज सारखा नसतो. दाराच्या खालच्या कडेचा, डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यातला गंज दिसायला वाईट, पण गाडीचा भार त्यावर नाही. रनिंग बोर्ड (दारांखालची पत्र्याची पट्टी), जॅक लावायच्या जागा, चाक धरणारा लोअर आर्म बसतो तो भाग, मागच्या एक्सलचे रॉड बॉडीला जिथे धरतात ते ब्रॅकेट आणि सीटबेल्टचे नट, एवढ्या ठिकाणी मात्र तडजोड नाही. इथे रनिंग बोर्ड दोन्हीकडे शाबूत निघाले. जॅकवर घेताना पत्रा चेपला असता, तर या गाडीवर पुढचा खर्च करू नका असंच सांगावं लागलं असतं.

फ्लोअरचा सडका भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापून काढला आणि एक मिलिमीटरचा नवा पत्रा वेल्ड केला. वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह आणि ईसीयूचा कनेक्टर काढणं, खालून जाणारे पेट्रोलचे व ब्रेकचे पाइप बाजूला घेणं, हे घाईत राहून जातं आणि मग अडीचशे रुपयांच्या वेल्डिंगपायी ईसीयू जातो. वेल्डवर झिंक प्रायमर, सांध्यांना सीलर, शेवटी खालून अंडरकोट. स्वस्तातला पर्याय म्हणजे भोकावर फायबर आणि पुट्टी लावून वरून डांबरी काळा रंग मारणं. गंजावर, त्यातही ओल्या गंजावर मारलेला काळा रंग पाणी बाहेर ठेवत नाही, आत कोंडतो. वर्षभरात भोक दुप्पट होतं, आणि आता ते दिसतही नाही. सेकंडहँड अल्टो घेणाऱ्यांनी खालून चकचकीत काळी दिसणाऱ्या गाडीपासून चार हात लांब राहावं.

ब्रेकमध्ये अपेक्षित तेच निघालं. पुढे डिस्क, मागे ड्रम. पुढचे पॅड ठीक. मागचा डावा व्हील सिलिंडर (ब्रेकचे लायनर ड्रमवर दाबणारा) गळत होता, ब्रेक ऑइल लायनरवर उतरलेलं, त्यामुळे ते चाक जवळपास धरतच नव्हतं. पेडल दाबल्यावर पुढचे ब्रेक काम करतात, गाडी थांबते, चालवणाऱ्याला कळत नाही. दोन्ही बाजूंचे व्हील सिलिंडर आणि लायनर जोडीने बदलले. एकाच बाजूचे बदलले की ब्रेक मारताना गाडी एकीकडे ओढते. हँडब्रेकची केबल गंजून आवरणात अडकत होती, लिव्हर दहा खटके वर येऊनही गाडी रॅम्पवर सरकायची. केबल बदलायची, घट्ट करून भागवायचं नाही. घट्ट केलेली अडकती केबल सोडल्यावर पूर्ण सुटत नाही आणि लायनर घासत, तापत राहतात. ब्रेक ऑइल काळं पडलेलं, बाटलीभर नवं ओतून चारी चाकांचं ब्लीडिंग केलं, म्हणजे जुनं ऑइल आणि हवा बाहेर काढली. ते हवेतली ओल शोषतं, दर दोन वर्षांनी बदलायचं असतं, आणि कमी फिरणाऱ्या गाडीलाही तोच नियम लागू आहे.

घोडबंदर रोडच्या खड्ड्यांनी लोअर आर्मचे रबरी बुश खाल्ले होते. चाक हवेत असताना वर-खाली धरून हलवलं तर खेळ बॉल जॉइंटचा किंवा बेअरिंगचा, डावी-उजवीकडे धरून हलवलं तर टाय रॉडचा किंवा रॅकचा. इथे फक्त बुश गेले होते. नवीन बसवून अलाइनमेंट केली.

टायर १४५/८० आर१२. नक्षी पाच मिलिमीटरहून जास्त शिल्लक, कायद्याची किमान मर्यादा १.६. पण बाजूच्या भिंतीला बारीक चिरा आणि शिक्का ३२१६, म्हणजे २०१६ च्या बत्तिसाव्या आठवड्यातलं उत्पादन. तपासणीत असे टायर बहुधा चालून जातात. ठाणे-बेलापूर रोडवर मे महिन्यात ऐंशीच्या वेगाला चालतील याची खात्री कुणी देणार नाही. चारही बदलले.

एवढं होऊन गाडी फेब्रुवारीत मैदानावर गेली आणि परत आली. कारणं दोन.

एक, चेसिस नंबर. या अल्टोत तो बोनेटखाली फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यावर) ठोकलेला आहे. तिथे धूळ, तेल आणि गंज यांचा थर होता, शेवटचे तीन आकडे वाचता येईनात. तपासणीचा गाभा हाच आहे. समोरची गाडी आरसीवरचीच आहे ना, हे आधी ठरतं, बाकी सगळं नंतर. म्हणून फॉर्मसोबत चेसिस नंबरचा पेन्सिलने घेतलेला ठसा लागतो. तो आधी घरी घेऊन बघितला असता तर ही खेप वाचली असती. साफ करायचं ते रॉकेल, कापड आणि पितळी ब्रशने. ग्राइंडर किंवा पॉलिश पेपर चुकूनही लावायचा नाही. घासल्याच्या खुणा दिसल्या की नंबर बदलल्याचा संशय येतो, आणि मग प्रकरण पासिंगचं राहत नाही. साफ झाल्यावर पातळ ग्रीसचा हात फिरवला. इंजिन नंबर ब्लॉकवर, तोही तसाच पुसला.

दुसरं कारण उजवा ब्रेक लाइट. आदल्या दिवशी बल्ब बघितला होता, चांगला होता. ब्रेक दाबल्यावर ब्रेक लाइट मिणमिणतो आणि त्याच दिव्यातला इंडिकेटरही अंधुक उजळतो, असं दिसलं की बल्ब नाही, अर्थिंग गेलेलं असतं. करंटला परत जायला वाट मिळत नाही म्हणून तो शेजारच्या फिलामेंटमधून वाट काढतो. डिकीच्या आतल्या अर्थच्या बोल्टखाली गंज होता. बोल्ट काढून पत्रा घासला, परत घट्ट बसवला, वर व्हॅसलीन. दहा मिनिटांचं काम, त्यासाठी दुसरी तारीख.

हेडलाइटच्या पिवळ्या पडलेल्या काचा बाराशेपासून दोन हजार नंबरपर्यंतच्या पेपरने पाणी मारत घासून, पॉलिश करून वर यूव्ही कोटिंग केलं होतं. कोटिंगशिवाय त्या सहा महिन्यांत पुन्हा पिवळ्या पडतात. आधी कुणीतरी बसवलेले शंभर वॅटचे बल्ब काढून मूळचे ६०/५५ वॅटचे लावले. होल्डरचं प्लॅस्टिक वितळायला लागलेलं होतंच. बाजूच्या काचांची काळी फिल्म सोलली. वायपर, हॉर्न, सीटबेल्ट, वॉशर यांत काही नव्हतं.

दुसऱ्या तारखेला गाडी दहा-बारा मिनिटांत पास झाली. त्या वेळात नंबर जुळवले, फोटो काढले, दिवे, हॉर्न, वायपर, टायर, बॉडी बघितली, थोडी चालवून ब्रेक लावला. गळता व्हील सिलिंडर, फ्लोअरचं भोक, चिरलेले बुश यातलं काहीही त्या पाहणीत नक्की सापडलं असतं असं म्हणता येत नाही. एजंटकडे गाडी सोपवून फक्त दिवे आणि नंबर ठीकठाक करून घेणारे पास होतात ते यामुळेच, आणि पुढची पाच वर्षं तीन चाकांच्या ब्रेकवर फिरतात. व्यावसायिक वाहनांची तपासणी आता स्वयंचलित केंद्रांकडे सरकते आहे. तिथे रोलरवर प्रत्येक चाकाची पकड वेगळी मोजली जाते. डिसेंबरमधली ही गाडी तिथे रोलरवरच पकडली गेली असती.

सीएनजी किट असतं तर आणखी दोन गोष्टी वाढल्या असत्या: किटची आरसीवर नोंद आणि दर तीन वर्षांची सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने चाचणी). मागे सिलिंडर असलेल्या अल्टोत मागच्या स्प्रिंगही बसलेल्या असतात, ते वेगळंच.

खर्चाचा हिशेब: टायर साडेबारा हजार, पत्रेकाम साडेसात, ब्रेक साडेचार, बुश आणि अलाइनमेंट अडीच, थर्मोस्टॅट-कूलंट-फिल्टर दोन, बाकी किरकोळ दीड. साडेतीस हजार, वर सरकारी शुल्क आणि कर. गाडीची बाजारातली किंमत यापेक्षा फार जास्त नाही. भंगार केंद्रात दिली असती तर मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर नव्या गाडीच्या करात सवलत आहे, पण ती नवी गाडी घ्यायची असेल तरच कामाची. वर्षाला चार हजार किलोमीटरसाठी मालकांनी ती घेतली नाही, आणि रनिंग बोर्ड शाबूत असताना तो निर्णय बरोबर ठरतो. २०३० चं गणित वेगळं असेल. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारींचं नूतनीकरण शुल्क १०,००० रुपये झालं आहे. इंजिनाचे भाग तेव्हाही मिळतील, कारण हेच ७९६ सीसीचं इंजिन २०१२ नंतर अल्टो ८०० मध्ये चालू राहिलं. या बॉडीचे दिवे, काचा, बीडिंग मात्र तोवर कुर्ल्याच्या भंगार बाजारातच शोधावे लागतील.

आरसीचं नवं स्मार्ट कार्ड पोस्टाने घरी आलं. सप्टेंबरमध्ये पाऊस ओसरल्यावर डावं कार्पेट उचलून बघितलं, फेल्ट पुन्हा ओलसर. एसीची नळी परत तुंबली होती. बोनेटखालून सायकलच्या ब्रेकची तार घालून मोकळी केली, कपभर पाणी आणि मूठभर चिखल बाहेर आला. फेल्ट दोन दिवस गच्चीत वाळवून परत बसवला.